दादा रविवारी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय, गावाला काय सांगू?

बोरीचं_झाड | १९ जून, रात्री ११.१०

नमस्कार. पाच-सहा वर्षं मी इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव माणदेशातलं, तालुक्याचं. एक पेठ, एक एसटी स्टँड, आणि परमिट रूम मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. इकडची कितीतरी घरं गलाईवर उभी राहिली, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर. दहावी झाली की पोरगं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात, पार कोइमतूर, कानपूरपर्यंत. माझा दादा सतराव्या वर्षी गेला. दिवसभर भट्टीपुढे ॲसिडचा धूर, रात्री दुकानातच अंथरूण, आणि अंग मोकळं व्हावं म्हणून सगळ्यांसोबत थोडी थोडी. लॉकडाऊनमध्ये परत आला तो इथेच राहिला. डाळिंब लावलं, दोन बहार तेल्या रोगानं गेले. आम्ही पाहुण्यांना सांगायचो, तेल्या आला आणि पोरगं दारूला लागलं. खरं तर दारू तेल्याच्या कितीतरी आधीपासूनची.

गेलं वर्षभर सकाळी हात थरथरायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, उतारा घेतला की मग माणसात. एप्रिलमध्ये आबांनी त्याला माडीवर कोंडलं. दोन दिवस मिळाली नाही की सुटेल, असं त्यांना खरंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फिट आली. जीभ चावली गेली, उशी रक्तानं भिजली. मिरजेला नेलं म्हणून वाचला. मे महिन्यात त्यानं स्वतः होकार दिला आणि आम्ही त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. ३५ दिवस रविवारी पुरे होतायत.

गावात आम्ही सांगितलंय की दादाचं पुण्याला मणक्याचं ऑपरेशन झालं. आबांनी दाखवण्यापुरता कंबरेचा पट्टासुद्धा आणून ठेवलाय. माझं लग्न ठरायचं आहे, म्हणून हे माझ्यासाठी चाललंय असं घरात म्हणतात. मी पतसंस्थेत कामाला आहे, रोज पन्नास माणसं समोर येतात आणि प्रत्येकाला मी मणका सांगते. आता वाटतं, तो आल्यावर हे कसं निभवायचं? वहिनी तर गप्पच झालीय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, पहिले काही दिवस आम्ही काय करायचं, आणि गावाला काय सांगायचं?

पंधरावा_पावसाळा | २० जून, पहाटे ५.४०

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातला. दारू सोडून चौदा वर्षं झाली, हा पंधरावा पावसाळा. आधी दुसऱ्या प्रश्नाचं लिहितो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

माझ्या घरच्यांनी सांगितलं होतं, कावीळ झाली. मी परत आलो. चौथ्या दिवशी टपरीवर एक जुना सोबती भेटला. "कावीळ उतरली ना? मग आता थोडी चालतीय की." मी काय बोलणार? कावीळ उतरली हे तर खरंच, म्हणजे नाही म्हणायला कारणच उरलं नाही. त्या संध्याकाळी मी प्यालो आणि पुढचे चौदा महिने पीत राहिलो. मणक्याचंही तेच होणार. रात्री कळ येत असेल, एक घे, झोप लागेल, असं माया असलेलीच माणसं म्हणतील. त्यांना ठाऊकच नाही की ती काय पुढे करतायत.

तेव्हा चावडीवर दवंडी पिटायची नाही, पण दहा माणसांना खरं सांगा. कोणती दहा, ते दादालाच विचारा. तो जिथे बसायचा, जिथे घ्यायचा, जिथे उधारी आहे, तिथली. आणि सांगायचं त्यानंच, तुम्ही फक्त सोबत उभं राहायचं. वाक्य साधं ठेवा: "मला दारूचा आजार आहे. उपचार घेऊन आलोय. मला एक घोटही चालत नाही." एवढं बोलायला मला तीन वर्षं आणि दोन केंद्रं लागली.

पट्टा मात्र रविवारच्या आत घरातून हलवा. तो कंबरेला बांधून दादा उंबरठा ओलांडून आत आला, तर पहिल्या पावलालाच खोटं बोलून आत आलेला असेल.

चुलीपुढची | २० जून, सकाळी १०.१५

वहिनी गप्प झाली असं लिहिलंत आणि माझा हात थांबला. मी तशी गप्प होते, दोन वर्षं.

माझे मिस्टर नऊ वर्षांपूर्वी सोबर झाले. घरात सगळे म्हणत होते, आता तर सुटली, आता हास की. पण ज्या बाईनं दहा वर्षं रात्री फाटकाचा आवाज ऐकत काढली, तिचे कान ३५ दिवसांत बंद होत नाहीत. ते बाहेरून आले की मी जवळ जाऊन श्वास घ्यायचे. खिसे, गाडीची डिकी, धान्याची कोठी, सगळं तपासायचे. त्यांना कळायचं, मला लाज वाटायची, आणि रात्री भांडण व्हायचं. दारू नसतानाची ती भांडणं दारूतल्या भांडणांपेक्षा मोठी होती, कारण आता ते शुद्धीवर ऐकत होते आणि मला दहा वर्षांचं बोलायचं होतं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तिथे पेशंटच्या बायकोलाही कुणी खुर्ची देऊन "तुझं काय झालं ते सांग" असं म्हणतं, हे माहीत नसतं. मी तिथे पहिल्या दिवशी नुसती रडले. दुसऱ्या वेळी बोलले. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका बाईचं ऐकताना जाणवलं की माझं आठवड्याभरात त्यांच्या खिशाकडे लक्षच गेलेलं नाही. तुमचं केंद्र दुसरं असलं तरी तिथे कुटुंबाची मीटिंग असेलच. वहिनीला तिथे न्या, आणि दादाच्या गाडीत बसवून नको, तुम्ही दोघी वेगळ्या एसटीनं जा. येताना वाटेत काहीतरी खा. ती शेवटची कधी स्वतःसाठी बाहेर पडली होती, विचारा तिला.

पैशाचं सांगते. शेतमालाचं बिल जमा होणारं खातं, एटीएम कार्ड, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, हे पहिले सहा महिने दुसऱ्याच्या हाती असावं. पण ते हिसकावून घेऊ नका. आमच्यात त्यांनीच केंद्रातून येताना कागदावर लिहून दिलं होतं. आपणहून दिलं की अपमान वाटत नाही.

जिल्हा_ओपीडी | २० जून, रात्री ९.०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. फिटबद्दल लिहिलंत म्हणून इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आधी तेच.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून त्याची दारू एकाएकी तोडू नका. मेंदू वर्षानुवर्षं दारूच्या दाबाखाली काम करत असतो. दाब एकदम काढला की तो उसळतो. शेवटच्या पेगनंतर काही तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात आणि वेळ जातो. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणूस दगावतो. रुग्णालयात काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं यांनी हे सुखरूप पार पडतं. तुमच्या आबांना दोष देऊ नका, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पुढचं. दादाला कोणत्या गोळ्या लिहून दिल्यात ते नीट समजून घ्या. तलफ कमी करणारी औषधं वेगळी, जसं नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट. डायसल्फिराम वेगळं. ते चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ते माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. त्या पुड्यांत काय आहे ते पुडीवर नसतं. वरणात कालवून कुणालाही काहीही देऊ नका, हात जोडून सांगतो. असे रुग्ण मी तपासलेले आहेत.

झोप काही महिने नीट येणार नाही. चिडचिड होईल. साधारण तिसऱ्या महिन्यात "आता मी बरा आहे" असं वाटून गोळ्या बंद होतात, तिथे लक्ष ठेवा.

आणि तुम्ही एकट्या नाही. एम्सच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती, आणि दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. तुमचा दादा त्या एकात आहे. अडल्यास नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत.

टाळकरी | २१ जून, सकाळी ७.२०

डॉक्टरसाहेबांचा मान राखून बोलतो. आमच्या आजोबांनी पंढरपुरात माळ घातली, त्या दिवसापासून मरेपर्यंत थेंब घेतला नाही. ना केंद्र, ना गोळी. मनात आलं पाहिजे माणसाच्या. आषाढी जवळ आलीय, दादाला वारीला पाठवा, माळ घालू द्या. तुम्ही फार औषधांच्या मागे लागलात असं मला वाटतं.

पंधरावा_पावसाळा | २१ जून, सकाळी ८.५०

टाळकरी माऊली, मीही माळकरी आहे. तुमच्या आजोबांना नमस्कार. पण मी माळ दोनदा घालून दोनदा काढली. काढताना जी लाज वाटली तिनं मी दुप्पट प्यालो. आता देवालाही तोंड दाखवायची सोय उरली नाही, असं वाटायचं.

माळेचा मोठा उपयोग मला नंतर समजला. गळ्यात माळ दिसली की आपल्याकडे ग्लास पुढे करत नाहीत. लग्नात, हळदीत, निवडणुकीत, कुणी आग्रह करत नाही, उलट शेजारच्याला म्हणतात, त्यांना नको रे, माळकरी हायत. गावानं आपण होऊन दिलेलं ते संरक्षण आहे, आणि मी ते केंद्रातून आल्यावर, सहा महिने पुरे करून, तिसऱ्यांदा घेतलं. तेव्हापासून गळ्यात आहे. गोळ्या चालू असतानाच घातली. दोन्हींत भांडण नाही. पण केंद्रातून आल्याआल्या शपथ, बेलभंडारा, माळ यातलं काही त्याच्यावर लादू नका.

कोयनाकाठ | २१ जून, दुपारी ३.३०

केंद्राबद्दल मला बोलायचंय, कारण सगळी केंद्रं सारखी नसतात. माझ्या धाकट्या भावाला आम्ही अशा एका ठिकाणी ठेवलं होतं जिथून रात्री दोन वाजता चार माणसं जीप घेऊन आली आणि त्याला चड्डी-बनियनवर उचलून नेलं. पैसे मीच भरले होते. तीन महिने भेटू दिलं नाही. आला तेव्हा पाठीवर वळ होते. तो माझ्याशी नीट बोलला नाही आणि सहा महिन्यांत प्यायला लागला. पुढच्या दिवाळीत यकृत फुटल्यासारखं पोट फुगून गेला. वय ३१.

मला नंतर कळलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक आजारही येतात. अशा केंद्राला नोंदणी लागते, माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर डॉक्टरांनी तपासून, ठरावीक दिवसांसाठीच. हे तेव्हा माहीत असतं तर मी पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागितला असता, स्वयंपाकघर पाहिलं असतं, आत असलेल्या दोन माणसांशी बोललो असतो. ज्यांना कुणाला ठेवायचंय त्यांनी एवढं करा. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आमच्यापासून फार लांब नव्हतं. आम्ही गेलो नाही, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती होती. ताई, तुमच्या पट्ट्याचं वाचलं आणि हे सगळं वर आलं.

बोरीचं_झाड | २७ जून, रात्री १०.३०

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. कोयनाकाठ दादा, तुमचं वहिनीलाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्यांना सांग, त्यांनी भावाच्या भल्यासाठीच केलं होतं.

दादा रविवारी आला. नऊ किलो वाढलाय. आबा एसटी स्टँडवर पट्टा घेऊनच आले होते. दादानं तो हातात घेतला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "आबा, माझा मणका चांगला आहे." बस्स. आबा घरापर्यंत चार पावलं पुढे चालत राहिले. रात्री जेवले नाहीत. "लोकं तोंडावर थुकतील" एवढंच म्हणाले.

दहा माणसांची यादी दादानं केली. मला वाटलं मित्र असतील. यादीत पहिला न्हावी, कारण सगळी बातमी तिथून फिरते. दुसरा शेजारच्या परमिट रूमचा मालक. मग टपरीवाला, खताचा दुकानदार (तिथे मागच्या खोलीत बसायचे), दोन चुलतभाऊ, मुलाचे वर्गशिक्षक, मामा, कोइमतूरचे शेठ, आणि दहावा मी ज्या पतसंस्थेत आहे तिथला मॅनेजर. मी म्हटलं, माझा मॅनेजर कशाला? तो म्हणाला, तुला आता तिथे खोटं बोलायला लागू नये म्हणून.

परमिट रूमला मी सोबत गेले. बाई म्हणून त्या पायऱ्या मी पहिल्यांदाच चढले. सकाळची वेळ, टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. मालक दादाच्याच वर्गातला. दादानं वाक्य म्हटलं, आवाज कापत होता. मालक बराच वेळ हिशोबाची वही चाळत राहिला आणि म्हणाला, "तुझी चार हजार सातशे उधारी हाय. ती दे सावकाश. पर हितनं तुला मिळणार न्हाई, माझा शब्द." मग माझा नंबर लिहून घेतला.

सगळे असे नव्हते. मामा म्हणाले, हे बोलून दाखवायची गरज काय होती. एक चुलतभाऊ हसला.

औषधी_दुकान | २८ जून, दुपारी १२.१५

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. सगळे दारूबद्दल बोलतायत, मला दुसरं दिसतं. दारू प्यायलेलं पोरगं आईला वासावरून कळतं. गोळी खाल्लेलं कळत नाही.

अल्प्राझोलामच्या गोळीला मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात, आता ते नाव इकडच्या पोरांच्या तोंडीही आलंय. ती झोपेची-चिंतेची गोळी, एच-वन यादीतली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला नोंद करून ते तीन वर्षं जपायचं. मी नाही दिली की पोरं दुसरं दुकान शोधतात, आणि आमच्या धंद्यातली सगळीच माणसं नाही म्हणत नाहीत, हे कबूल करायला हवं. जिममध्ये जाणारी पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागायला येतात. भूल देताना रक्तदाब पडला तर वाढवायचं ते औषध. सुई एकमेकांत फिरते. आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत कारखानाच सापडला, तेव्हा लोकांना वाटलं हे पुण्या-मुंबईचं. कुरकुंभ काय पुणं-मुंबई आहे?

डॉक्टर, गोळ्यांचं काय करावं ते तुम्ही लिहाल का? माझ्याकडे आया येतात, पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतात.

जिल्हा_ओपीडी | २८ जून, रात्री ११.००

बरं झालं विचारलंत. अल्प्राझोलामही एकदम तोडायचं नसतं, त्यातही फिट येते. हळूहळू कमी करावं लागतं. ब्राउन शुगर किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका उलट्या बाजूनं. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर आल्यावर जुन्याच मापानं एकदा घेतलं तर श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सगळ्यांत जोखमीचे. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं म्हणून नातेवाईक ती बंद करतात, कृपया करू नका.

पोलिसांचं: अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ अ आहे. स्वतःसाठी घेणारा किंवा अल्प प्रमाणात बाळगणारा माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. आयांना हे जरूर सांगा.

इरईकाठ | ३० जून, रात्री ८.४५

चंद्रपूरहून लिहितोय. आमच्या भागातल्या बाया दारूबंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानसभेवर चालत गेल्या होत्या, माझी मावशी त्यात होती. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागली, २०२१ मध्ये उठली. शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून आहे. बंदीच्या काळात मी दोन्ही पाहिलं. पगाराच्या दिवशी चौकातली मारामारी थांबली आणि मावशीच्या गल्लीत संध्याकाळी बाया ओट्यावर बसू लागल्या. अन् रात्री मोटरसायकलवरून दुप्पट भावात पेट्या आल्या, पोरं पोहोचवायच्या कामाला लागली. बंदी उठली तेव्हा मावशी दोन दिवस जेवली नाही. माझं मत तिच्याच बाजूनं आहे, पण एक खटकतं. दुकानं बंद झाली तेव्हा जे आधीच आजारी होते त्यांच्यासाठी गावात काहीच नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालतं, त्यात गावसंघटनेबरोबर उपचारही आहेत. ते दोन्ही सोबत पाहिजे.

तुमच्याकडे आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूची दुकानं बंद करायला, मतदान होऊ शकतं. ध्यानात ठेवा, वॉर्डातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नाही. म्हणजे पुण्याला नांदायला गेलेली, पण यादीत नाव असलेली प्रत्येक लेक विरोधातच मोजली जाते. नावं आधी तपासा, गाड्या आधी ठरवा.

बोरीचं_झाड | २८ ऑगस्ट, रात्री १.२०

कुणी जागं आहे का?

गटारी निर्विघ्न पार पडली. आम्ही सगळे त्या रात्री घरी होतो, वहिनीनं पुरणाचे दिवे केले होते, दादानं मुलाला गोष्ट सांगितली. वाटलं, मोठा घाट चढलो. आणि आज, काही सण नाही, भांडण नाही. उलट चांगलं झालं होतं. आंबे बहाराचं डाळिंब सौद्यात दोन वर्षांनी दरात गेलं. साडेसातला परमिट रूममधून फोन आला. "ताई, मी बाहेर होतो, पोऱ्यानं दिली. एक नाइंटी घेतलीय. दुसरी मी दिली नाही. हितंच बसलाय, या."

मी आणि वहिनी गेलो. तो मान खाली घालून बसला होता. चालत घरी आला. आबा म्हणाले, पैसे पाण्यात गेले. गोळ्या आठ दिवसांपासून बंद होत्या, तेही आत्ता कळलं. आता झोपलाय. वहिनी उशाशी बसलीय. मी काय करू?

पंधरावा_पावसाळा | २८ ऑगस्ट, रात्री १.४५

जागा आहे. आज रात्री काही बोलू नका, कुणीही. पाणी ठेवा, कुशीवर झोपवा. सकाळी तो तुमच्या तोंडाकडे बघेल, तेव्हा चहा द्या आणि विचारा, केंद्राला फोन तू लावतोस का मी लावू? तिसरा पर्याय ठेवू नका.

मागे एकच नाइंटी पोटात गेली तेव्हा मी पाच महिने थांबलो नव्हतो, कारण कुणी फोन केलाच नाही. तुम्हाला साडेसातला फोन आला. दादानं जूनमध्ये त्या पायऱ्या चढून वाक्य म्हटलं होतं, म्हणून आला.

जिल्हा_ओपीडी | २८ ऑगस्ट, सकाळी ६.१०

आत्ता वाचलं. जी गोळी बंद केली ती डायसल्फिराम होती का, हे आधी पाहा. असेल तर, किंवा छातीत धडधड, उलट्या, भोवळ यातलं काही असेल तर लगेच दवाखान्यात न्या. नसेल तरी आजच डॉक्टरांना दाखवा, गोळ्या आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. आनंदातही तलफ येते, हे आम्ही पुरेसं सांगत नाही. मेंदूला इतकी वर्षं आनंद साजरा करायची एकच रीत शिकवलेली असते. पुढचा सौदा होईल त्या दिवशी संध्याकाळी तो कुठे असेल, हे आधीच ठरवा.

चुलीपुढची | २८ ऑगस्ट, सकाळी ९.३०

वहिनीला आज काम सांगू नका. तिला झोपू द्या.

बोरीचं_झाड | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

उशिरा लिहितेय, माफ करा. गोळ्या नाल्ट्रेक्झोनच्या होत्या, धोका नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन दादानंच लावला. केंद्रात आठ दिवस पुन्हा राहून आला. आज त्या रात्रीनंतरचे ७८ दिवस. दादा दिवस पुन्हा शून्यापासून मोजतो, वहिनी मात्र जूनपासून मोजते, आणि मधला एक दिवस सोडून देते. आम्ही दोघांनाही काही बोलत नाही त्यावर.

परमिट रूमची उधारी फिटली. माझं एक स्थळ मोडलं, खरं सांगितल्यामुळेच. दुसरं आलंय, त्यांच्या घरात थोरले काका असेच होते, त्यांनीच मला विचारलं, केंद्र कुठलं म्हणून.

सांगायचं होतं ते हे. न्हाव्याकडे बातमी फिरेल असं दादानं धरलं होतं, ती फिरली. दिवाळीनंतर न्हाव्याचाच मेहुणा रात्री मागच्या दारानं घरी आला. मग एक एसटीचा कंडक्टर. मग गलाईवाल्यांपैकी एक, वय चोवीस. पंधरावा_पावसाळा काकांशी बोलून दादानं एएसारखी (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग सुरू केलीय. प्रत्येकानं फक्त स्वतःचं सांगायचं, बाहेर न्यायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत. जागेचा प्रश्न होता. कुणी घरी नको म्हणालं, देवळात नको म्हणालं. शेवटी मुलाच्या वर्गशिक्षकांनी शाळेची खोली मिळवून दिली. चौथीचा वर्ग. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसतात.

दर गुरुवारी संध्याकाळी सात. काल चार जण होते. दादा आधी जाऊन झाडून घेतो, सतरंजी आणि चहाचा थर्मास नेतो. आबा त्याच्यासोबत शाळेपर्यंत जातात, आत येत नाहीत. बाहेर कट्ट्यावर बसून राहतात, आणि कुणी विचारलं तर "आत पोरगं हाय माझं" म्हणतात.

कंडक्टरच्या बायकोनं विचारलंय, आमच्यासाठी काही आहे का. चुलीपुढची ताई, तुमच्या त्या गटात पहिल्या दिवशी सुरुवात कशी करतात? वहिनी विचारतेय.